तुंबा

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी जो लाकडी ठोकळा असतो त्याला मराठीत तुंबा म्हणतात. त्याच्या पोटातून आस जातो, त्याच्या अंगातून आरे फुटतात, आऱ्यांच्या टोकांना पाटे आणि पाट्यांवर चढवलेली लोखंडी धाव. हे सारे शब्द आम्हां दोघांना एम.ए.च्या वर्गापासून ठाऊक आहेत. त्यांतल्या काहींची व्युत्पत्ती आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. प्रत्यक्षात तुंब्याला हात लावण्याचा योग आला तो वयाची चाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही बैलगाडीच्या नव्हे, सायकलच्या. सायकलच्या तुंब्याला कोणी तुंबा म्हणत नाही. तो हब. त्याच्या आसाला एक्सल म्हणतात, आऱ्यांना तारा, आणि वंगणाला ग्रीस. आमचे शब्दज्ञान दुकानाच्या पायरीशीच संपले, याचा आम्हांला थोडा रागही आला होता.

लिहिणारे आम्ही दोघे आहोत, नवराबायको. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुढे ज्यांचा उल्लेख वारंवार येईल ते अण्णा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. यातले कुठले वाक्य कोणी लिहिले हे आता आम्हांलाही सांगता येणार नाही, आणि ज्या चुकीबद्दल पुढे लिहायचे आहे तिच्यातही आमची वाटणी करता येण्यासारखी नाही.

अण्णांची पहिली सायकल १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतच्या पुरात, नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकातून वाहून गेली. दुसरी त्यांनी १९६४ साली घेतली. काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची ॲटलस. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. ब्रेक लोखंडी दांड्यांचे. या सायकलीवरून ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात. त्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि सकाळच्या पाळीच्या वेळी खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा जो लोंढा वाहे त्याचे वर्णन अण्णा पंढरीच्या वारीसारखे करीत. एका दिशेने सात किलोमीटर धरले तर दिवसाचे चौदा. अठ्ठावीस इंची चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे वेळा फिरते. तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडला तेव्हा मागच्या चाकाचे फेरे साडेपाच कोटींच्या आसपास निघाले. एवढे फेरे ज्या अठरा छऱ्यांवर झाले ते छरे ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे असतात.

अठरा म्हणजे मागच्या चाकाचे. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ, प्रत्येक पाव इंच व्यासाचा. हबच्या दोन्ही तोंडांशी वाटीसारखा पोलादी खळगा असतो. त्यात हे छरे गोलाकार बसतात आणि त्यांच्यावर एक्सलवरून फिरवत आणलेला शंकूच्या आकाराचा तुकडा टेकतो. त्याला दुकानात 'कोन' म्हणतात. मराठी माणसाला कोन म्हटले की भूमितीतला काटकोन आठवतो, त्यामुळे पहिले काही दिवस आमच्या बोलण्यात बराच घोटाळा होई. कोनाच्या मागे एक वॉशर, त्याच्या मागे चेकनट. कोन आपल्या जागेवरून हलू नये म्हणून चेकनट त्याला मागून दाबून धरतो. एवढीच ही रचना. एक्सल स्थिर, हब त्याच्याभोवती फिरणारे, आणि दोहोंच्या मध्ये घरंगळणारे छरे. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जेम्स मूरने पॅरिस ते रुआँ ही शर्यत असे बेअरिंग असलेल्या सायकलवर जिंकली. त्यानंतर दीडशे वर्षांत साध्या सायकलच्या हबात तत्त्वतः फारसा फरक पडलेला नाही. महागड्या सायकलींत आता बंद डबीसारखी बेअरिंगे येतात, ती बिघडली की उपटून नवी ठोकायची. आमच्या ॲटलसला ते सुख किंवा दुःख ठाऊक नव्हते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अण्णा सायकल उलटी करीत. दिवाणखान्यात गोणपाट, गोणपाटावर जुने 'केसरी'चे अंक, त्यावर सीट आणि हँडल टेकवून चाके वर. या सोहळ्याला ते 'ओव्हरऑइलिंग' म्हणत. मूळ इंग्रजी शब्दात तेलाचा संबंध नाही हे आमच्यापैकी एकाने आठवीत असताना त्यांना ऐकवले होते. अण्णा म्हणाले, "तेल लागतं की नाही लागत?" लोकव्युत्पत्ती या विषयावर वर्गात बोलताना आम्ही हे उदाहरण गेली अनेक वर्षे देतो.

मागचे चाक काढणे हे मोठे काम असे. त्या एक्सलवर केवळ चाक नसते. स्टँडचे पाय, कॅरिअरच्या काड्या, मडगार्डच्या तारा, चेन ताणायच्या पट्ट्या, सारे कुटुंब तिथे एकत्र नांदत असते. अण्णा एकेक नट, एकेक वॉशर काढीत आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवीत, डाव्या बाजूची तार वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. मग डावा चेकनट, डावा कोन. उजव्या बाजूचा कोन एक्सलवरच ठेवून एक्सल उजवीकडून सबंध ओढून घ्यायचा. छरे रॉकेलच्या बशीत पडत तेव्हा जो आवाज होई तो या घरात वाढलेल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. छरे पुसून ते उजेडात धरीत. ज्यांची चकाकी गेली, ज्यांवर ठिपके दिसले, ते बाद; आणि एक बाद झाला की त्या बाजूचे नऊच्या नऊ बाद. जुना आणि नवा छरा एकत्र घालायचे नाहीत, कारण नवा केसभर मोठा असतो आणि सगळा भार तोच उचलतो. मग कोन. कोनाच्या उतारावर छऱ्यांच्या फिरण्याची एक रेघ उमटते. ती रेघ गुळगुळीत असेल तर ठीक, तिच्यात खड्डे पडले असतील तर कोन बदलायचा. वाट्या सहसा टिकतात, कोन झिजतो. अण्णा कोनाच्या रेघेवरून अंगठ्याचे नख फिरवीत आणि डोळे मिटून घेत. डोळ्यांपेक्षा नखाला लवकर कळते, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही हे सारे पाहिले होते. पाहिले होते म्हणजे त्या खोलीत होतो. पुस्तक हातात असे. घरात कोणीतरी हाताने काम करीत असताना दुसऱ्याने पुस्तक वाचत बसणे हे आमच्या घरात प्रगतीचे लक्षण मानले जाई, आणि अण्णांनीच ते तसे मानले होते. "तू नको हात काळे करूस, तुझा पेपर आहे," हे त्यांचे वाक्य. सून घरात आल्यावर तिलाही तेच.

निवृत्तीनंतरही ते सायकलवरून फिरत. मंडईत जात, ओंकारेश्वराला जात, कधी लहर लागली तर चतुःशृंगीपर्यंत. २०१४ सालच्या पावसाळ्यात त्यांनी एके दिवशी जेवताना सांगितले, की मागच्या चाकात काहीतरी वाजते. आम्ही दोघांनी खाली जाऊन सायकल स्टँडवर लावली, पेडल मारले, चाक गरगर फिरवले. आवाज आला नाही. आठवड्याने ते पुन्हा म्हणाले. पुन्हा आम्ही चाक फिरवले. चाक नितळ फिरत होते. "रस्त्यावर येतो," ते म्हणाले. "खड्ड्यातून गेलं की टक् होतं. मग थोडा वेळ टक् टक्, मग बंद." रस्त्यावर चालवून पाहिली तेव्हाही आम्हांला काही ऐकू आले नाही, लक्ष्मी रस्त्याच्या गोंगाटात सायकलच्या पोटातला आवाज कोणाला ऐकू येणार? त्यातच त्या वर्षी ते टीव्हीचा आवाज मोठा ठेवू लागले होते. दोन गोष्टी आम्ही एकमेकींना जोडल्या. कानात आवाज येण्याचा विकार असतो, तो वयाबरोबर येतो, हे आम्ही कुठेतरी वाचलेले होते. वाचलेले असणे हा आमच्या पेशाचा विकार.

एके संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जरा अर्धा तास आहे का रे? चाक धरशील का? उघडून बघू." त्यांचे हात तेव्हा थोडे थरथरत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जवळचे बारीक पाहताना त्रास होई, हे आम्हांला माहीत होते. महाविद्यालयात तेव्हा 'नॅक'च्या भेटीची तयारी चालू होती; टेबलावर फायली होत्या, दोघांच्याही. "रविवारी बघू, अण्णा," आम्ही म्हणालो. तो रविवार फायलींतच गेला. पुढच्या रविवारी त्यांनी विचारले नाही.

२०१५च्या आरंभी आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत दोन्ही कानांना थोडी कमतरता निघाली, वयाच्या मानाने असते तेवढी. आमचे समाधान झाले. ऐकू कमी येते म्हणजे मागून येणारे वाहन कळणार नाही, हा तर्क बिनतोड होता, आणि सायकल बंद करा हे सांगायला आम्हांला आधार मिळाला. त्यांनी वाद घातला नाही. सायकल जिन्याखाली गेली. २०१६ साली अण्णा गेले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चार दिवसांच्या आजारात.

सायकल जिन्याखालीच राहिली. एप्रिल-मे २०२० मध्ये मध्यवस्तीतल्या पेठांना पत्रे ठोकले गेले. आमची गल्लीही पत्र्यांच्या आड होती. आम्ही दोघे दोन खोल्यांत बसून दोन भ्रमणध्वनींना संत वाङ्मय शिकवत होतो. ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या कंपनीचा तो शेवटचा चालू कारखाना. त्या संध्याकाळी कुणी काही ठरवले नाही, पण दुसऱ्या दिवशी सायकल जिन्याखालून बाहेर आली होती आणि मुलगी तिच्यावरची धूळ पुसत होती. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि घरात बसून कंटाळलेली. टायर गेले होते, पण ते नंतरचे. मागचे चाक फिरवले तर ते कुरकुरले आणि दोन फेऱ्यांत थांबले. नेहमीचा सायकलवाला गावी अडकून पडला होता. तेव्हा ओव्हरऑइलिंग घरी करणे भाग होते, आणि ते येणारा माणूस घरात नव्हता.

माळ्यावर अण्णांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात डमरूच्या आकाराचा, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापांची भोके असलेला पाना. कोन धरायचा पातळ पाना, तो त्यांनी स्वतः कानशीने घासून पातळ केलेला. कागदाच्या पुडीत नवे छरे. ग्रीसची डबी, वरचा थर वाळलेला पण आत पिवळेधमक. अर्धी बाटली रॉकेल. आणि एक वही. शंभर पानी, रेघांची. दर दसऱ्याची एक नोंद, पेन्सिलीने. 'दसरा १९८७. मा. उ. कोन बदलला. छरे १८ नवे.' 'दसरा १९९३. पुढील चाक ठीक. मागे ग्रीस फक्त.' मा. उ. म्हणजे मागचा उजवा. शेवटच्या दोन नोंदी अशा होत्या. 'दसरा २०१३. मागे छरे नवे. डा. ९, उ. ९.' आणि तिच्याखाली, दसऱ्याविना: 'ऑगस्ट २०१४. मागे आवाज. उघडून पाहणे.' पुढची पाने कोरी होती. ही नोंद आम्ही वाचली आणि वही मिटली. त्या वेळी तिचा अर्थ आम्हांला पूर्ण कळला होता असे नाही.

गोणपाट, वर्तमानपत्र, उलटी सायकल. नट तारेत ओवले. डावा चेकनट सोडवायला आम्हांला पाऊण तास लागला. एकाने पातळ पान्याने कोन धरायचा, दुसरीने चेकनट फिरवायचा, आणि दोन्ही एकदम फिरू लागले की एकमेकांवर चिडायचे. एक्सल बाहेर आला तेव्हा त्याच्यावरचे ग्रीस डांबरासारखे झालेले होते. डाव्या बाजूचे छरे काडीने टोकरून बशीत घेतले. नऊ. उजवी बाजू फ्रीव्हीलच्या आड असते. तिथले छरे खोल भोकात, अंधारात बसलेले. चाक उपडे करून टोकरले. मुलीने मोजले. आठ.

आम्ही वर्तमानपत्र झटकले. गोणपाट झटकले. बॅटरी घेऊन सोफ्याखाली पाहिले. पुन्हा मोजले. आठ.

छरा कमी असला तरी चाक फिरते, हे आम्हांला नंतर कळले. वाटीत नऊ बसवल्यावर थोडी जागा उरतेच. दहावा मावेल की काय असे वाटते, पण तो मावत नाही आणि घालायचाही नसतो, कारण छरे एकमेकांना घासू लागले की घरंगळायचे सोडून घसरू लागतात. आठ असले तर मोकळी जागा वाढते एवढेच. तेव्हा आमच्या मनात आले ते असे, की अण्णांनी २०१३ साली चुकून आठच घातले असणार. पंचाहत्तराव्या वर्षी, अधू डोळ्यांनी, थरथरत्या हातांनी. आणि वहीत सवयीने नऊ लिहिले असणार. हे वाटताना आम्हांला वाईट वाटले, हे खरे. पण त्या वाईट वाटण्यात थोडी सुटकाही होती. त्यांचे वय झाले होते, आम्ही म्हणत होतो तसेच.

रॉकेलमध्ये फडके भिजवून हबच्या नळीत घातले. दोन वाट्यांच्या मधली ही पोकळ नळी. तिच्यातून एक्सल जातो, एरवी तिथे काहीच नसते. फडके अर्ध्यावर अडकले. काडीने ढकलले तर काळ्या घट्ट ग्रीसचा गोळा दुसऱ्या बाजूने बाहेर आला आणि वर्तमानपत्रावर पडला. त्यातून काहीतरी सुटले, फरशीवर दोनदा उडाले आणि कपाटाखाली गेले. टक्, टक्.

तो आवाज आम्हां तिघांनाही ऐकू आला.

अण्णांनी नऊच मोजले होते. उजवीकडून एक्सल आत सरकवताना त्याच्या टोकाने एक छरा ग्रीसमधून सुटून नळीत ढकलला गेला असणार. फ्रीव्हीलच्या आडोशाला तो कोणाच्याही डोळ्यांना दिसला नसता. तेल-ग्रीस ताजे असेपर्यंत तो नळीला चिकटून बसे. खड्ड्याचा धक्का बसला की सुटे, दोन-चार फेरे आत गडगडे, पुन्हा चिकटे. स्टँडवर चाक फिरवून तो ऐकू येणे शक्य नव्हते. पन्नास वर्षे एकाच सायकलवर बसलेल्या माणसाला मात्र तो सीटमधून, हँडलमधून ऐकू येत होता, थोडे कमी ऐकू येत असतानाही. कानांच्या तपासणीचा कागद अजून घरात आहे. तो खोटा नाही.

त्या रात्री आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. आमच्यापैकी एकीने एवढेच म्हटले, की अर्धा तासही लागला नसता. दुसऱ्याने म्हटले, आज तीन तास लागले. त्यावर पहिली म्हणाली, ते असते तर अर्धाच लागला असता.

दुसऱ्या दिवशी चाक बांधायला घेतले. ग्रीस वाटीत भरायचे आणि छरे त्यात एकेक रोवायचे. ग्रीस त्यांना धरून ठेवते. उजवीकडे मुलीने बोटाने चाचपून मोजले. एक्सल घालताना तिने आतून करंगळीने छरे थोपवून धरले. तिची करंगळीच तेवढी बारीक होती. मग डावा कोन हाताने फिरवत आणायचा, छऱ्यांना टेकेपर्यंत. इथपर्यंत सोपे. खरे काम पुढे आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकातून कळत नाही अशी आमची आता खात्री झाली आहे. कोन जास्त आवळला तर चाक खरखरते, एक्सल बोटांनी फिरवला तर त्याच्यात दाणे असल्यासारखे लागतात. सैल ठेवला तर चाक आसावर डुलते; रिंग धरून डावी-उजवीकडे हलवली तर खटखट होते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते, आणि ती सापडली असे वाटून चेकनट आवळावा तर त्या आवळण्याने कोन थोडा पुढे सरकतो आणि जागा हुकते. म्हणून चेकनट आवळल्यावर जे व्हायचे ते आधीच धरून कोन किंचित सैल ठेवायचा. किंचित म्हणजे किती? घड्याळाच्या काट्याच्या भाषेत पाच मिनिटांहूनही कमी. आम्ही ते अकरा वेळा केले. शेवटी चाक सोडून दिले तर ते बराच वेळ फिरत राहिले, मंद झाले, आणि पूर्ण थांबण्याआधी व्हॉल्व्ह असलेली जड बाजू खाली जाऊन चाक लंबकासारखे झुलू लागले. अण्णा चाक असे झुलू लागले की पाना खाली ठेवीत. आम्हीही ठेवला.

टायर-ट्यूब मिळायला जूनअखेर उजाडली. आमच्यापैकी एक जण सायकलवर बसून टिळक रस्त्यापर्यंत गेला आणि येताना अलका चौकापाशी मागचे चाक हळूहळू जड होत साफ थांबले. पडला नाही, एवढेच. कॅरिअरला धरून सायकलचे मागचे अंग उचलायचे आणि पुढच्या चाकावर ती ढकलत न्यायची, तोंडावर मुसक्या, वाटेत दोन विद्यार्थी भेटलेले, त्यांनी "सर, मदत करू का?" असे विचारले, आणि सरांनी नको म्हटले.

घरी उघडून पाहिले तर कोन आतल्या छऱ्यांवर आवळून बसलेला. का, हे मात्र सायकलवाला गावाहून परत आल्यावर कळले. त्याने चाक हातात घेतले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, डावी बाजू झकास केलीय. उजवीकडचा चेकनट कोणी बघितला?" कोणीच पाहिला नव्हता. उजवा कोन आम्ही एक्सलवरून काढलाच नव्हता, म्हणून तो पक्का असणार असे धरून चाललो होतो. पण डावा सोडवताना केलेल्या झटापटीत उजवा चेकनट ढिला झाला होता. पुढे जाणारे चाक उजव्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या दिशेने फिरते. छरे कोनाला त्याच दिशेने ओढत असतात. कोनाचे आटे सरळ, म्हणजे उजव्या बाजूचा कोन सुटा राहिला तर चाकच त्याला आवळत नेते, पार चाक बंद पडेपर्यंत. डावीकडे उलटे, तिथला सुटा कोन ढिला होत जातो. म्हणून नेहमी डावीकडून जुळवायचे, आणि उजवीकडचे आधी पक्के आहे याची खात्री करून घ्यायची. इतके सुबक प्रमेय आम्ही आमच्या विषयात अलीकडे ऐकले नव्हते. एका बाजूला चूक केली तर ती आपोआप वाढत जाते, दुसऱ्या बाजूला केली तर खटखट करून सांगते.

मग तो म्हणाला, "ही अण्णांचीच ना? ते एकदा घेऊन आले होते माझ्याकडे. आवाज येतोय, उघडून बघ म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, एवढ्या जुन्या हबला कशाला उघडायचं, नवीन टाकून देतो, तीनशे रुपयांत. त्यांनी ऐकून घेतलं आणि सायकल घेऊन गेले." थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती हो." आम्ही त्याला काही म्हणालो नव्हतो.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मुलगी महाविद्यालयात जाते. ॲटलस तिला जड वाटते, ती स्वतःची गिअरची चालवते. ॲटलस आम्ही दोघे आलटून पालटून वापरतो, मंडईपुरती. वहीतल्या कोऱ्या पानांवर २०२० पासूनच्या नोंदी आहेत, दोन हस्ताक्षरांत. त्यातली पहिली: 'जून २०२०. मा. उ. ८ निघाले, १ नळीत.' कपाटाखालून काढलेला तो छरा डब्यात वेगळ्या पुडीत आहे. त्याच्यावर एकही ठिपका नाही, कारण भार असा त्याने कधी उचललाच नव्हता.

गेल्या आठवड्यापासून आमच्यापैकी एकीला पुढच्या चाकात बारीक कुरकुर ऐकू येते, संभाजी पुलाचा चढ लागला की. दुसऱ्याला ती ऐकू येत नाही. त्याने स्टँडवर चाक फिरवून पाहिले, दोनदा. रॉकेल संपले आहे आणि आता ते सहज मिळत नाही, म्हणून गॅरेजमधून अर्धा लिटर डिझेल आणून ठेवले आहे. पुढच्या चाकाचे छरे लहान असतात, तीन षोडशांश इंचाचे, एका बाजूला दहा. उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे तपासायचे बाकी आहेत. गोणपाट अंथरून झाले आहे.